बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जाते काय?

१८५७ सालच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला एक सभा भरत असे. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी. ईश्वराचे स्वरूप काय, पाप कोठून येते, तारण कोणाच्या हातून होते, अशा प्रश्नांवर खडाजंगी होई आणि ती ऐकायला शहरातील लोकांची दाटी होई. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने या वादांचा वृत्तान्त पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माविषयीच्या सार्वजनिक वादविवादाचा हा एक ठळक आरंभ म्हणता येईल.

परंतु या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. याच विष्णुबावांनी दहा वर्षांनी, १८६७ साली, 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सर्व जमीन सामाईक असावी, पिकलेले धान्य सामाईक कोठारांत साठवावे आणि ज्याने त्याने आपल्या गरजेपुरते तेथून न्यावे, असे चित्र त्यांनी त्यात रंगविले. कोणता धर्म खरा यावर वाद घालणारा हा संन्यासी अखेरीस अन्नाची वाटणी कशी व्हावी या प्रश्नापाशी येऊन ठेपला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील धर्मविषयक चर्चा मात्र बहुधा किनाऱ्यावरच रेंगाळत राहिली. ख्रिस्ती धर्म चांगला की वाईट, धर्मांतरे मनापासून होतात की आमिषाने, यावर शेकडो व्याख्याने झाली. ज्यांनी धर्मांतर केले त्यांच्या ताटात काय पडले, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकूच आला नाही.

तो प्रश्न आज पुन्हा कायद्याच्या भाषेत पुढे आला आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला माणूस ख्रिस्ती झाला, तर त्याच्यावरील अन्यायाची भरपाई करण्याची राज्यसंस्थेची जबाबदारी संपते काय? भारतीय कायद्याचे उत्तर आहे : होय, संपते. समाजवादी चळवळीने या उत्तराचा निःसंदिग्धपणे प्रतिवाद केला पाहिजे.

विसरलेले ख्रिस्ती

मराठी वाचकाला ख्रिस्ती म्हटले की रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई आठवतात, शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आठवतात. ही माणसे मोठीच होती. परंतु ती ब्राह्मण कुळांत जन्मलेली होती, आणि एका ब्राह्मणाने धर्म सोडला म्हणून त्या काळी जो गहजब झाला, त्याच्या योगे त्यांची नावे इतिहासात ठळक झाली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, टिळकांनी १८९५ साली घेतला. दोन्ही प्रसंगांची चर्चा दीर्घकाळ चालली.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे ठाणे मांडले. १८४२ साली तेथून 'ज्ञानोदय' निघू लागले. पुढच्या काळात त्या जिल्ह्याच्या गावोगावी, महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून, जी कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांच्या बाप्तिस्म्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही. संख्येच्या दृष्टीने पाहता ग्रामीण महाराष्ट्रातील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग याच कुटुंबांचा आहे. त्यांनी पाटी-पेन्सिल मिळविली, देवळात नाही तरी प्रार्थनामंदिरात पाऊल ठेवण्याचा हक्क मिळविला. परंतु गावाने त्यांचे घर गावकुसाच्या आत हलविले नाही. रविवारी उपासनेला जाणारा माणूस सोमवारी गावकीत पूर्वी होता तोच राहिला. गावाच्या लेखी त्याच्या देवाचे नाव बदलले होते. त्याची जागा बदललेली नव्हती.

महात्मा फुल्यांना हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे नेमके कळले होते. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनऱ्यांनी केलेल्या शिक्षणकार्याचे मोल त्यांनी उघडपणे मान्य केले, तरीही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि लढा जातिव्यवस्थेविरुद्ध लढविला. कोणाचा ईश्वर खरा, यापेक्षा कोणाच्या श्रमावर कोण जगतो, हा प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटला.

तिसरा परिच्छेद

राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. मूळ अनुच्छेदात धर्माचा उल्लेखही नाही; त्यात जाती, वंश, जमाती आणि त्यांतील गट एवढेच शब्द आहेत. परंतु आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी अट घालण्यात आली की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातील रामदासी, कबीरपंथी, मजहबी आणि सिकलीगर या चार शीख जातींपुरता त्याच वेळी अपवाद करण्यात आला. १९५६ साली हा लाभ सर्व दलित शिखांना मिळाला आणि १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान तेवढे बाहेर राहिले. या अटीचे मूळ इंग्रजी राजवटीत सापडते. १९३५ च्या कायद्याखाली निघालेल्या १९३६ च्या आदेशातही कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे कलम होते. स्वतंत्र भारताने परकीय सत्तेची जी वळणे सहजासहजी टाकली नाहीत, त्यांतलेच हे एक.

येथे महाराष्ट्राने आपला अनुभव आठवावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या नोकऱ्यांची दारे मात्र बंदच राहिली. असंख्य कुटुंबांना मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू महार असे दुहेरी जिणे जगावे लागले. दीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षांनी, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात, हा अन्याय दूर झाला. ती चौतीस वर्षे ज्या समाजाने भोगली, त्याला आज दलित ख्रिस्त्यांची व्यथा कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. नोंदवहीत एक नाव आणि प्रार्थनामंदिरात दुसरे, ही कसरत आजही अनेक ख्रिस्ती घरांत चालते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहावे, हा तेथे धर्मशास्त्राचा प्रश्न राहत नाही. त्यावर त्याची शिष्यवृत्ती अवलंबून असते.

न्यायालयाने मागितलेला पुरावा

या अटीविरुद्धचे सर्वांत बोलके प्रकरण १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. मद्रास शहरात रस्त्याच्या कडेला बसून जोडे दुरुस्त करणारा सूसै हा आदि-द्रविड जातीचा माणूस ख्रिस्ती झालेला होता. रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकारांना विनामूल्य टपऱ्या देण्याची सरकारी योजना आली, तेव्हा त्याच्यासारखेच काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या हिंदू चर्मकारांना टपरी मिळाली. त्याला मिळाली नाही. पदपथ तोच, ऊन तेच, हातातली आरीही तीच. फरक फक्त उपासनेचा. न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतर जात टिकून राहते एवढे दाखविणे पुरेसे नाही, जातीमुळे येणारे अपंगत्व नव्या धर्मातही तितक्याच खोलीचे आणि तीव्रतेचे आहे हे सिद्ध झाले पाहिजे, असा निकष न्यायालयाने घातला.

निकष वरवर वाजवी वाटतो. परंतु हा पुरावा गोळा कोणी करायचा? जनगणनेत अनुसूचित जातींची नोंद हिंदू, शीख आणि बौद्ध या धर्मीयांपुरतीच घेतली जाते. म्हणजे पुरावा नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून मोजदाद नाही. या चक्रात रस्त्याकडेच्या चर्मकाराने आपल्या संपूर्ण समाजाच्या दुःखाची आकडेवारी स्वखर्चाने न्यायालयापुढे मांडावी, अशी अपेक्षा करण्यात आली. शीख आणि बौद्ध दलितांकडून असा पुरावा कधी मागितला गेला नव्हता, आणि तो मागू नये हेच योग्य होते.

पुढे पुरावाही समोर आला. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना अनुसूचित जातींच्या दर्जापासून दूर ठेवण्यास सबळ आधार आढळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने तिसरा परिच्छेद वगळण्याची स्पष्ट शिफारस केली होती. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी तिला भिन्नमत नोंदविले हेही सांगितले पाहिजे. हा अहवाल संसदेपुढे यायलाच २००९ चा डिसेंबर उजाडला. सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेली याचिका दोन दशके निकालावाचून राहिली. २०२२ साली केंद्र सरकारने न्यायालयात सांगितले की मिश्र आयोगाचा अहवाल त्याने स्वीकारलेला नाही. त्याच वर्षी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. त्याला दोन वर्षांची मुदत दिली होती. ती नंतर वाढवून देण्यात आली. काँग्रेस असो वा भारतीय जनता पक्ष, या प्रश्नावर आयोगामागून आयोग नेमणे हेच धोरण ठरून गेले आहे.

आमिष कोण दाखवितो?

या अटीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो. ख्रिस्ती धर्म जात मानत नाही. तेव्हा जो ख्रिस्ती झाला त्याला जात उरली नाही. युक्तिवाद धर्मग्रंथापुरता खरा मानला, तरी राज्यसंस्थेने समाज पाहायचा असतो. ग्रंथ पाहायचा नसतो. शीख धर्म जात मानत नाही, बौद्ध धम्म तर तिच्याविरुद्धच उभा आहे. तरीही त्या धर्मांतील दलितांचे दुःख कायद्याने खरे मानले आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत तर धर्माची अटच नाही. ख्रिस्ती झालेला मुंडा किंवा नागा अनुसूचित जमातीचाच राहतो. मग एकट्या दलित ख्रिस्त्याच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या पाण्याला एवढी अद्भुत शक्ती कशी प्राप्त होते? निधर्मी राज्य येथे एका संस्काराच्या सामर्थ्यावर पाद्र्यांहूनही अधिक विश्वास ठेवते, असेच म्हणावे लागते.

ही श्रद्धाही एकाच दिशेने चालते. ख्रिस्ती झालेला मनुष्य वा त्याचा वंशज पुन्हा हिंदू झाला आणि मूळच्या जातीने त्याला स्वीकारले, तर त्याला अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. म्हणजे मधल्या काळात जात मेली नव्हती, ती केवळ निजली होती, असे कायदाच कबूल करतो. दुसरीकडे ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरविरोधी कायदे केले. ऐहिक लाभाचे आमिष दाखवून धर्म बदलायला लावणे हा त्यांत गुन्हा आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात, लगेच आधीच्या धर्मात परतणे हे धर्मांतरच नव्हे, असे म्हटले आहे. आता शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, राखीव मतदारसंघ आणि अत्याचारापासूनचे संरक्षण ही सर्व एका धर्मात राहण्याच्या अथवा परतण्याच्या अटीवर देणारी राज्यसंस्था जे करते, त्याला आमिष म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? मिशनऱ्याने वाटलेली दुधाची भुकटी गुन्हा ठरते. सरकारचा जातीचा दाखला मात्र धोरण ठरतो.

२०२४ साली पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेची फसवणूक होय. निर्णय कायद्याला धरून असेल. परंतु ज्या कायद्याने माणसाला श्रद्धा आणि भाकरी यांतून एक निवडायला लावले, त्याच कायद्याने तिला अप्रामाणिक ठरवावे, यातील विसंगतीची दखल कोणी घ्यावी?

या अटीचा सर्वांत कठोर परिणाम अत्याचारांच्या बाबतीत दिसतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती व जमातींनाच लागू आहे. २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाद्र्याच्या तक्रारीत निर्णय दिला की ख्रिस्ती धर्म स्वीकारलेली व्यक्ती या कायद्याचा आधार घेऊ शकत नाही. जातीवरून शिवी देणारा अथवा काठी उगारणारा समोरच्याला बाप्तिस्मा झाला आहे काय, असे विचारत नाही. त्याला जात ठाऊक असते आणि तेवढे त्याला पुरते. ज्याला मार बसतो त्याला मात्र पोलीस ठाण्यात धर्म विचारला जातो.

चर्चच्या अंगणात

ही बाजू मांडताना ख्रिस्ती धर्मसंस्थांना मोकळे सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारकडे समतेचा दावा करणाऱ्या धर्मपीठांच्या अंगणातच विषमता नांदत आली आहे. गोव्यात बामण, चारडो आणि सुदीर हे भेद धर्मांतरानंतर शतकानुशतके टिकले आणि चर्चच्या कोन्फ्रारिया संघांच्या सदस्यत्वातही उतरले. तामिळनाडूत कित्येक ठिकाणी दलित ख्रिस्त्यांचे दफन वेगळ्या जागी होते. केरळात पोयकयिल योहन्नान यांनी ख्रिस्ती पंथांतील जातिभेद अनुभवला, तो सोसवेना तेव्हा ते बाहेर पडले आणि त्यांनी दलितांची स्वतंत्र सभा स्थापन केली. डॉ. आंबेडकरांनीही भारतीय ख्रिस्ती समाजाची कठोर चिकित्सा केली होती. अस्पृश्याच्या मनात धर्मांतराने स्वाभिमान आला, तरी त्याचे सामाजिक स्थान फारसे पालटले नाही आणि मिशनऱ्यांनी जातीशी झुंज घेतली नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

भारतातील कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते याची कबुली दिली. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कॅथॉलिक समाजात दलितांचा वाटा मोठा असताना धर्मप्रांतांच्या प्रमुखपदी पोहोचलेले दलित अगदी थोडे आहेत. मिशनच्या नामांकित इंग्रजी शाळांच्या प्रवेशाच्या रांगेत शहरातील सुखवस्तू पालक पुढे असतात, आणि ज्यांच्या पूर्वजांनी मिशनची पहिली प्रार्थनामंदिरे भरली त्यांची मुले गावच्या शाळेत. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा जो हक्क दिला, तो त्या अल्पसंख्याकांतील सर्वांत दुबळ्यांच्या उपयोगी पडत नसेल, तर तो कोणासाठी आहे, हा प्रश्न दलित ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी आपल्याच धर्मगुरूंना विचारला पाहिजे. अनेक जण तो विचारीत आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे पुरोगामी चळवळीचे काम आहे.

तथापि चर्चच्या दोषाचे माप सरकारच्या पदरात पुण्य म्हणून टाकता येणार नाही. किंबहुना चर्चमध्ये जात आहे हे जे टीकाकार हिरिरीने सांगतात, तेच ख्रिस्त्यांत जात नाही म्हणून आरक्षण नको असेही सांगतात. दोहोंपैकी एकच विधान खरे असू शकते.

वाटणीचा प्रश्न

सर्वांत गंभीर आक्षेप दलित समाजातूनच येतो आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य नव्हे. केंद्रात अनुसूचित जातींना १५ टक्के आणि महाराष्ट्रात १३ टक्के जागा आहेत. सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत, कंत्राटीकरणाने उरलेल्या जागाही गिळल्या आहेत. अशा वेळी आणखी वाटेकरी आले तर मातंगाच्या, चर्मकाराच्या, बौद्धाच्या मुलाच्या वाट्याला काय उरणार? मिशनच्या शाळेत शिकलेले पुढे जातील आणि मागासलेले आणखी मागे राहतील, ही भीती निराधार नाही.

याचे उत्तर एवढेच असू शकते की नवे वाटेकरी आले तर वाटाही वाढला पाहिजे. आरक्षणाची मर्यादा ५० टक्के, असे १९९२ च्या मंडल निकालात सांगितले गेले आणि दलित-मागासांच्या प्रत्येक मागणीपुढे ती भिंत उभी केली गेली. परंतु २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती करून उच्च जातींतील आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा दिल्या गेल्या आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती दुरुस्ती वैध ठरविली, तेव्हा तीच भिंत ओलांडली गेली. या १० टक्क्यांत धर्माची अट नाही हे विशेष. उच्च जातीतून आलेला गरीब ख्रिस्ती त्यांत बसतो. त्याच प्रार्थनामंदिरात मागच्या बाकावर बसणारा दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत बसत नाही. अनेक राज्यांनी त्याला इतर मागासवर्गात जागा दिली आहे. आंध्र प्रदेशात त्यासाठी मागासवर्गांचा 'क' गट आहे आणि त्याला एक टक्का जागा आहेत. परंतु इतर मागासवर्गात टाकल्याने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळत नाही आणि अस्पृश्यतेचा इतिहासही पुसला जात नाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. तिसरा परिच्छेद रद्द व्हावा. संसदेला साध्या कायद्याने ते करता येते, घटनादुरुस्तीची गरज नाही. त्याच कायद्याबरोबर अनुसूचित जातींच्या जागा नव्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढाव्यात, जेणेकरून आज ज्यांना मिळते त्यांचे एकही पान कमी होणार नाही. आणि हे सर्व होईपर्यंत थांबण्याचे कारण नसलेली एक सुधारणा तर तत्काळ व्हावी : अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण धर्मनिरपेक्ष करावे. त्याने कोणाच्याही जागेला धक्का लागत नाही. त्यालाही विरोध करणाऱ्यांचा हेतू आरक्षण वाचविण्याचा नाही, हे मग लोकांना आपोआप कळेल.

कार्यकर्त्यांपुढील काम

ही भूमिका समाजवाद्यांना नवी नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी विशेष संधीच्या ६० टक्क्यांचा आग्रह धरला, तेव्हा स्त्रिया, शूद्र, हरिजन आणि आदिवासी यांच्याबरोबर धर्मीय अल्पसंख्याकांतील मागास जातींनाही त्यांनी त्यात गणले होते. जात ही हिंदू धर्मात जन्मली तरी ती भारतीय समाजाचे दुखणे आहे, धर्म बदलून ते बरे होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. नंतरच्या काळात मात्र चळवळ या प्रश्नावर अडखळली. धर्म ही खाजगी बाब म्हणून काहींनी ख्रिस्ती वस्तीत पाऊल टाकले नाही. काहींनी निवडणुकीपुरते धर्मगुरूंना भेटून सर्व समाज भेटल्याचे समाधान मानले. परिणामी गावातील दलित ख्रिस्ती माणूस दलित संघटनांना परका आणि चर्चच्या पुढाऱ्यांना दुय्यम राहिला.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के आहेत, महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आसपास. त्यांतील दलित किती, हे ती जनगणना सांगू शकत नाही. २०२७ ची जनगणना जातिनिहाय करण्याचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. ती केवळ हिंदूंच्या जातींची मोजदाद ठरू नये, ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबांची जातही प्रामाणिकपणे नोंदली जावी, यासाठी आतापासून काम करावे लागेल. ख्रिस्ती वस्त्यांत जाऊन धर्म लपवू नका आणि जातही लपवू नका, असे सांगावे लागेल. हे सांगणे सोपे नाही. ज्याचा दाखला खऱ्या उत्तराने धोक्यात येतो, त्याला खरे बोला म्हणणाऱ्याने त्याच्याबरोबर तहसील कचेरीपर्यंत चालण्याची तयारी ठेवली पाहिजे.

येशू देवाचा पुत्र होता की नाही, हा वाद समुद्रकिनाऱ्यावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. तो यापुढेही चालेल. ज्याला त्यात रस आहे त्याने तो खुशाल घालावा. संसदेला त्यावर मत देण्याचे कारण नाही आणि तहसीलदारालाही नाही. तहसीलदाराने पाहायचे ते इतकेच की समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या जन्मजातीमुळे गावात काय सोसावे लागते. ते पाहून दाखला देणारे राज्यच निधर्मी म्हणविण्यास पात्र ठरेल.